प्रस्तावना : संगणकाचा तास, सातपुड्याच्या पायथ्याशी

बीसीए असो, बीएस्सी कॉम्प्युटर असो की अभियांत्रिकी, पदवी हातात पडेपर्यंत विद्यार्थ्याला 'पर्यावरण अभ्यास' नावाचा एक पेपर द्यावाच लागतो. त्यामागे मोठी लढाई आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं आणि बारा वर्षांनी, २००३ मध्ये, अंमलबजावणीसाठी पुन्हा कान टोचले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. त्यासाठीचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरॅक भरुचा यांनी लिहिलं. पेशाने शल्यविशारद आणि मनाने जंगलात रमणारा हा माणूस. त्यांचं पुस्तक आजही उघडून पाहावं इतकं नीटस आहे.

पण वर्गात काय झालं, ते आपण सगळे जाणतो. पेपर पासापुरता उरला. प्रकल्पवह्या एकमेकांच्या बघून भरल्या जातात, त्यात ओझोनच्या थराचं चित्र चिकटवलेलं असतं. याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. पर्यावरणाला स्वतंत्र पेपर मिळाल्यामुळे बाकीचे सगळे पेपर त्यातून मोकळे झाले. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्याला विजेबद्दल बोलायची गरज उरली नाही. डेटाबेस शिकवणाऱ्याने सर्व्हर कुठे असतो, त्याला थंड ठेवायला किती पाणी लागतं, हे सांगायचं कारण उरलं नाही. हार्डवेअरच्या तासाला मदरबोर्डचे भाग पाठ करून घेतले जातात, पण तो मदरबोर्ड बिघडल्यावर कुठे जातो हा प्रश्न कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. हे पुस्तक तो प्रश्न पुन्हा संगणकाच्या तासाला आणून बसवण्यासाठी आहे. शाश्वतता शिकवायला नवा पेपर नको. जे तास आज होतात, त्यांतच ती शिकवली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच मतावर उभी आहेत.

पुस्तक नंदुरबार जिल्ह्यातली उदाहरणं घेऊन लिहिलेलं आहे, याचं काही जणांना नवल वाटेल. संगणक म्हटलं की हिंजवडी, बंगळुरू, फार तर नाशिक. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, बहुसंख्य आदिवासी वस्तीचा आणि देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेला नंदुरबार या विषयात कुठे बसतो? माझं म्हणणं असं की हा विषय शिकवायला यापेक्षा योग्य जागा मिळणं कठीण. शहरात वीज भिंतीतून येते आणि रेंज हवेतून. दोन्ही कुठून येतात हे कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातून आलेल्या मुलीला वीज कुठून येते हे आयतं ठाऊक असतं, कारण तिच्या आजोळचं गाव त्या विजेसाठी पाण्याखाली गेलेलं असू शकतं.

सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. ती सगळी नर्मदाकाठची, याच दोन तालुक्यांतली. पहिलं मणिबेली. प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॅट आणि त्यातला महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. ही वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि त्याच जाळ्यावर ऐरोली-महापेची डेटा सेंटर्स चालतात. कोणत्या युनिटने कोणता सर्व्हर चालला हे सांगता येत नाही आणि तसं सांगूही नये. पण 'क्लाउड' हा शब्द फळ्यावर लिहिताना शिक्षकाने शेजारी एक नदी, एक धरण आणि एक कोळशाचं वीजकेंद्र काढलं, तर ते चित्र अधिक खरं होईल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे जाईल असं तीच संस्था म्हणते.

असे आकडे वर्गात हवेत विरून जातात. विद्यार्थ्याला टेरावॅट म्हणजे काय हे जाणवायचं, तर आधी त्याला किलोवॅट कळला पाहिजे. त्यासाठी या पुस्तकात बिलगावचं प्रकरण आहे आणि ते मुद्दाम लांब ठेवलं आहे.

बिलगाव धडगाव तालुक्यात, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीवर. विजेच्या तारा तिथपर्यंत पोचल्या नव्हत्या, धबधबा मात्र होता. नर्मदा बचाव आंदोलनाचे लोक, केरळातल्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे अभियंते आणि अमेरिकेतल्या भारतीयांची 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' ही संस्था यांनी मिळून तिथे एक छोटं जलविद्युत केंद्र उभारलं. गावकऱ्यांनी श्रमदान केलं, बांध घातला, दगड वाहिले. २००३ च्या सुरुवातीला ते सुरू झालं. क्षमता १५ किलोवॅट. घरागणिक ५० वॅटचा हिशेब धरला तर तीनशे घरांना पुरेल एवढी वीज. 'स्वदेस' हा २००४ चा चित्रपट ज्या खऱ्या कामावरून सुचला ते हेच. चित्रपटातलं गाव चित्रित झालं ते मात्र वाईजवळच्या मेणवलीत. त्यामुळे शाहरुख खानने गावात दिवा लावलेला सगळ्यांना आठवतो, पण बिलगावचं नाव आमच्याच जिल्ह्यातल्या किती तरी मुलांना ठाऊक नसतं. २००६ च्या पावसाळ्यात, गावातले दिवे पेटून चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्याने हे केंद्र बुडवलं.

या एका उदाहरणात संगणकाच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखं किती आहे पाहा. प्रवाह गुणिले उंची हे गणित तो बारावीला शिकलेला असतो, ते इथे खऱ्या नदीवर करता येतं. उन्हाळ्यात प्रवाह घटला की कुणाचे दिवे आधी बंद करायचे, हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिममधल्या शेड्युलिंगचाच आहे, फरक एवढाच की इथे रांगेत प्रोसेस नसून घरं आहेत. आणि मग तुलनेचा आकडा. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेल्या एनव्हिडियाच्या जीबी२०० पिढीच्या सर्व्हरचा एक रॅक सुमारे १२० किलोवॅट वीज ओढतो. घरातल्या गोदरेजच्या कपाटाएवढी वस्तू आणि आठ बिलगाव. हा भागाकार फळ्यावर केला की वर्गात जी शांतता पसरते, तिथून पुढे शिकवणं सोपं जातं. कुणाला अपराधी वाटावं हा हेतू नाही. मोजमाप अंगात भिनावं हा आहे.

मोजमापाची सुरुवात आपल्याच लॅबमधून होते. बाजारात प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळतो, किंमत साध्या कीबोर्ड-माउसच्या जोडीएवढी. एका संगणकाला तो लावावा आणि मुलांना वहीत नोंदी करायला सांगाव्यात : सुरू होताना किती, नुसता डेस्कटॉप उघडा असताना किती, व्हिडिओ चालू असताना किती, मॉनिटर बंद केल्यावर किती. वीस संगणकांची लॅब, प्रत्येकी ८० वॅट, संध्याकाळी पाच ते सकाळी सात असे चौदा तास विसरून चालू राहिली, तर एका रात्रीत २२.४ युनिट जळतात. आपल्या देशातल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे पंधरा-सोळा किलो. हे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. पण ते आपल्या लॅबचं, आपल्या मीटरचं असतं, म्हणून लक्षात राहतं. त्याच वहीत यूपीएस किती वेळा किंचाळला, भारनियमन किती तास झालं, स्टॅबिलायझरवर व्होल्टेज किती दाखवत होतं, याही नोंदी याव्यात. महिनाभराने मुलांना स्प्रेडशीट शिकवायला वेगळा डेटा शोधावा लागत नाही.

प्रोग्रामिंगच्या तासाला हीच सवय पुढे न्यायची. शोधण्याच्या पद्धती आपण शिकवतो, त्यांच्या 'टाइम कॉम्प्लेक्सिटी'ची सूत्रं घोकून घेतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. एवढ्या नावांच्या क्रमवार यादीत एक नाव ओळीने शोधायचं तर वाईटात वाईट साडेसोळा लाख वेळा तुलना करावी लागते. बायनरी सर्चने जास्तीत जास्त एकवीस वेळा. हा फरक आपण नेहमी वेळेच्या भाषेत सांगतो. तो विजेच्याही भाषेत सांगता येतो, कारण प्रत्येक तुलनेला प्रोसेसर ऊर्जा घेतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सत्तावीस प्रोग्रामिंग भाषांची अशी मोजदाद केली, तेव्हा तीच कामं करायला पायथॉनने सी भाषेच्या सत्तरपटींहून जास्त ऊर्जा घेतली होती. म्हणून पायथॉन शिकवू नये असं कुणी म्हणणार नाही. शिकायला ती सोपी आहे आणि तिच्यातली जड कामं पुष्कळदा आतून सी भाषेतच होतात. पण कोणतं काम कोणत्या भाषेला द्यावं, हे ठरवताना ऊर्जा हाही एक निकष आहे, एवढं पहिल्या वर्षाच्या मुलाला कळायला हरकत नाही.

आता मिरचीकडे वळतो, कारण या पुस्तकातला मला सर्वांत जवळचा धडा तिच्यावर आहे. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीची. हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, लांबून जमीन लाल दिसते. अशा वेळी अवकाळी पाऊस आला की माल भिजतो, काळा पडतो आणि व्यापारी-मजूर दोघांचंही नुकसान होतं. दोन तास आधी इशारा मिळाला तर ताडपत्री टाकता येते. आता तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला हवामानाचा इशारा देणारं पान बनवायला सांगा. तो आधी सुंदर ढगाचं चित्र टाकतो, मग सरकणाऱ्या पाट्या, मग तीन वेगवेगळे फॉन्ट, मग जाहिरातीसाठी जागा. पान तीन एमबीचं होतं. लॅबच्या वायफायवर ते झटकन उघडतं. पथारीवर मिरची उलटणाऱ्या बाईच्या मुलाकडे जुना अँड्रॉइड फोन असतो, आणि रेंज एका दांडीवर आली की ते पान गोल गोल फिरत राहतं. पावसाला मात्र थांबायची गरज नसते.

मग त्याच विद्यार्थ्याला सांगायचं : हेच पान पन्नास केबीत बसव. चित्र काढून टाक, फोनमधलाच फॉन्ट वापर, मजकूर आधी दिसू दे. आणि शेवटी, हे पान हवंच का ते पाहा. एका ओळीचा एसएमएस पुरेल का? तोही मराठीत पाठवावा की अहिराणीत, की ज्या मजुरांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी भिलीत आवाजी निरोप? बहुतेक गट शेवटी आवाजी निरोपापाशी येतात. डेटा कमी, वीज कमी, जुना फोन आणखी दोन वर्षं चालतो आणि निरोप पोचतो. काटकसर आणि माणसाची सोय यांची इथे एकच दिशा आहे, आणि हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने कधीच पटलं नसतं.

जुन्या फोनचा उल्लेख सहज आला, पण तो विषयाच्या मध्यभागी आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी मोठा वाटा तो खोक्यातून बाहेर येण्याआधीच, खाणीत आणि कारखान्यात, खर्च झालेला असतो. म्हणजे आहे ते यंत्र दोन वर्षं जास्त चालवणं ही सर्वांत मोठी बचत. आणि बरोबर इथेच आपण हतबल होतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर आणि सुरक्षा-चिप नाही म्हणून लॅबमधले चांगले चालणारे संगणक एका दिवसात जुने ठरले. कॉलेजच्या भाषेत पुढचा रस्ता ठरलेला आहे : डेड स्टॉक रजिस्टर, निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, लिलाव, भंगारवाला. भंगारवाल्याच्या पुढे रजिस्टर जात नाही. तारा जाळून तांबं काढणारा माणूस, त्याच्या फुप्फुसात जाणारा धूर, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२ टक्क्यांच्या आसपासच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकावर जबाबदारी आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच माल द्या, एवढी एक ओळ निर्लेखनाच्या ठरावात घालायला लावणं हे प्राध्यापकाच्या हातात आहे.

त्याआधी यंत्र वाचवता येतं का ते पाहावं. केरळने सरकारी शाळांत जवळपास वीस वर्षांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअर आणलं, आज तिथल्या शाळांची स्वतःची लिनक्स आहे आणि 'लिटल काइट्स' नावाच्या क्लबांत मुलंच शाळेची यंत्रं सांभाळतात. आपल्याकडे सी-डॅकची 'बॉस' लिनक्स आहे. दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपवर हलकी लिनक्स बसवणं, रॅम वाढवणं, हार्ड डिस्क काढून एसएसडी घालणं, पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची पेस्ट बदलणं, हे हार्डवेअरच्या प्रात्यक्षिकात यायला हवं. या विषयावरच्या प्रकरणात एकेक पायरी फोटोंसह दिली आहे. एक सूचना करतो : मुलींना हे काम आधी द्या. स्क्रूड्रायव्हर मुलांकडे आणि नोंदवही मुलींकडे ही वाटणी आपण न ठरवताच होते, ती मोडायला हा तास चांगला आहे.

शाश्वतता म्हणजे फक्त कार्बन असं समजलं तर या जिल्ह्याचा अर्धा धडा हातातून निसटतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देशातली पहिली आधार क्रमांकांची पत्रं दिली गेली. जगातल्या सर्वांत मोठ्या डिजिटल ओळखव्यवस्थेची सुरुवात आमच्या तापीच्या खोऱ्यात झाली, हे वर्गात अभिमानाने सांगावं. त्यानंतर हेही विचारावं की ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला गुजरातेत जाणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे कामाने झिजले तर यंत्र त्याला ओळखतं का? रेशन दुकानातलं यंत्र रेंज शोधत असताना रांगेतल्या म्हातारीने काय करायचं? ज्या व्यवस्थेला अखंड वीज, अखंड नेटवर्क आणि न झिजलेलं बोट लागतं, तिला पर्यायी मार्ग ठेवलाच पाहिजे. संगणकाच्या परिभाषेत याला 'फॉलबॅक' म्हणतात आणि ते आपण शिकवतोच. उदाहरण तेवढं टेंभलीचं घ्यायचं.

एका धोक्याकडे लक्ष वेधणं गरजेचं आहे. कार्यक्षमता वाढवली म्हणजे वापर घटेलच असं नाही. विल्यम जेव्हन्सने १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच दाखवलं : वाफेची इंजिनं सुधारली, कोळसा स्वस्तात जास्त काम करू लागला, आणि कोळशाची मागणी वाढली. चिप्सचं तेच चाललं आहे. म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या मूल्यमापनात 'हे कसं कमी ऊर्जेत होईल' याच्या आधी 'हे करायला हवं का' हा प्रश्न गुणांसह ठेवावा, असा आग्रह या पुस्तकाने धरला आहे. वीसपैकी पाच गुण. गुण नसले की मुलं तो प्रश्न सोडून देतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

या सगळ्यावर येणाऱ्या आक्षेपांत वेळेचा आक्षेप सर्वांत खरा आहे. अभ्यासक्रम पुरा होत नाही, तासिका तत्त्वावरचे सहकारी चार ठिकाणी शिकवतात, लॅबमध्ये तीन मुलांमागे एक संगणक. म्हणून इथला एकही उपक्रम स्वतंत्र तास मागत नाही. प्रत्येक उपक्रमापुढे तो कोणत्या प्रचलित घटकात बसतो हे लिहिलं आहे : वॅटमीटर स्प्रेडशीटमध्ये, मिरचीचं पान वेब डिझाइनमध्ये, बिलगाव ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. शिवाय हा माझा एकट्याचा आग्रह नाही : एसीएम, आयईईई आणि एएएआय या संस्थांनी केलेल्या २०२३ च्या संगणकशास्त्राच्या जागतिक आराखड्यातही शाश्वतता हा घटक आहे. सॉफ्टवेअरचा कार्बन मोजण्याची पद्धत २०२४ मध्ये आयएसओचं मानक झाली. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीला पर्यावरणाचा तपशील द्यावा लागतो, तेव्हा त्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या तंत्रज्ञांना हे आकडे काढता यावे लागतील. मुलाखतीला पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट आवर्जून सांगा.

पण सगळे पुण्याला जात नाहीत. आपली निम्मी मुलं तळोदा, नवापूर, मोलगी, धडगाव इथेच राहतात. कुणी 'आपले सरकार' सेवा केंद्र चालवतं, कुणी ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर होतं, कुणी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकतं, कुणी एमएस-सीआयटीचा वर्ग घेतं. जिल्ह्याचे बहुतेक संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर आणि फोन या मुलांच्या हातून जातात. पाड्यावरच्या सौरदिव्याची बॅटरी दोन-तीन पावसाळ्यांत बसली की लोक ती घेऊन यांच्याच दुकानात येतात. ती बदलायची, की तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालून, टर्मिनलवरचा पांढरा थर साफ करून आणखी वर्षभर चालवायची, आणि शेवटी आतलं शिसं कुणाच्या अंगणात न सांडता परत कंपनीकडे कसं पाठवायचं, हे त्यांना कुठल्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेलं नाही. म्हणून सहावं प्रकरण पूर्णपणे बॅटरीवर आहे. ज्यांच्याकडे वेळ अगदीच कमी आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी, आणि शक्य झाल्यास ते प्रकरण लॅबऐवजी जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात, दुकानदाराच्या परवानगीने, त्यालाच शिकवायला सांगून घ्यावं.